पास, परत आणि ‘कळंना’

कामावर येण्याआधी मामा कुरकुरीत काही खात नसत. पापड नाही, चिवडा नाही, शेंगदाणे नाहीत, कच्चा कांदा तर नाहीच. आणि हा माणूस चाकणजवळच्या खेड्यातला, जिथे कांद्याशिवाय न्याहारी होत नाही. मी एकदा कारण विचारलं.

“चावल्याचा आवाज कानात बसून ऱ्हातो साहेब. दुपारपतुर निघत न्हाई.”

भाकरी ते दुधात कुस्करून खात. कंपनीच्या बसमध्ये दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून, डोळे मिटून खिडकीशी बसत. बसमधली पोरं म्हणायची, “शांत राव, मामांची समाधी लागली.” बस फाटकातून आत शिरली की ते बोळे काढून एका छोट्या डबीत ठेवत आणि दोन्ही कानांच्या पाळ्या अंगठ्याने हळूच चोळत.

आमच्या कंपनीत गिअरबॉक्स तयार होत. मी गुणवत्ता विभागाचा प्रमुख होतो आणि मामा लाईनच्या अगदी शेवटी उभे असत. तयार झालेला प्रत्येक गिअरबॉक्स तिथे मोटर लावून मिनिटभर फिरवायचा आणि मामांनी तो ऐकायचा, एवढंच त्यांचं काम. त्यांच्याकडे हातभर लांबीची शिसवी काठी होती. तिचं एक टोक फिरत्या गिअरबॉक्सच्या अंगाला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे. मग खडूने बरोबरची खूण व्हायची, नाहीतर गिअरबॉक्स मुकाट्याने बाजूला सारला जायचा.

बाजूला सारलेल्याचं कारण विचारलं तर ते कारखान्याच्या भाषेत सांगत नसत. “वाळल्या कडब्यात कुणीतरी चालतंय.” “जात्याची खालची पाळ घासतीय.” “लांबच्या गावात पिपाणी वाजतीय.” सुरुवातीला मला हे सगळं सोंग वाटायचं. एकदा म्हणाले, “ह्याच्यात कायतरी झोपलंय.” मी हसलो आणि मुद्दाम माझ्यासमोर तो गिअरबॉक्स खोलायला लावला. आत तेलात भिजलेला पॅकिंगचा कागद होता, घडी घातलेला, खरंच एका कडेला अंग टाकून पडलेला. त्यानंतर मी हसलो नाही. पिपाणी म्हणजे दातांची जोडी नीट न बसल्यामुळे निघणारी बारीक, वरच्या पट्टीतली शीळ, हे मी हळूहळू शिकलो. ती शीळ मला कधीच ऐकू आली नाही. मला फक्त गिअरबॉक्स फिरताना ऐकू येई.

आमच्या पट्ट्यात गुरुवारची सुट्टी असते. गुरुवारी मामा गावामागच्या माळावर जाऊन बसत. “कान वाळत घालायला,” असं म्हणत. एका गुरुवारी मीही गेलो. खाली दूरपर्यंत कारखान्यांची निळी-पांढरी छपरं पसरली होती, आणि एरवी त्यांच्यावर तरंगणारी घरघर त्या दिवशी कुणीतरी घडी करून ठेवल्यासारखी नाहीशी झाली होती. कोवळं ऊन होतं. गवत हलत होतं. मामा बोटाने दाखवत होते. “त्या तिथं एक कॉम्प्रेसर चालू ठिवलाय, बंद करायचा इसरले. आन् तिकडं कुणीतरी पत्र्यावर चालतंय.” मला काही ऐकू येईना, पण ऐकू येत नाही हे कळायलाही वेळ लागला, इतकं तिथे बरं वाटत होतं. मी गवतात पाठ टेकली आणि झोपलो. उठलो तेव्हा ते तसेच बसलेले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “साहेब, तुमच्या डाव्या गुडघ्यात वंगन कमी हाय. चढताना बोलत होता.” त्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे चार वर्षांनी झालं.

यापुढचं सांगायचं मी आजवर टाळलं आहे.

फिरत्या मशीनला डोकं लावून उभा असलेला माणूस बाहेरच्या पाहुण्यांच्या नजरेस आला आणि सुरक्षेचा प्रश्न निघाला. तो रास्तच होता. त्यावर मी योजना मांडली. गिअरबॉक्सला सेन्सर लावायचा, आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा आणि मामांनी काचेच्या केबिनमध्ये बसून तो हेडफोनवर ऐकायचा. वायर पायात येते म्हणून हेडफोन वायरलेस. त्यालाच माईक. ऐकून झालं की मामांनी माईकमध्ये ‘पास’ किंवा ‘परत’ म्हणायचं, कॉम्प्युटर ते नोंदवून घेणार. खडूसुद्धा नको. योजना माझी होती, नाव माझं होतं. केबिनपुढे नारळ फुटला, मला पुष्पगुच्छ मिळाला आणि शिसवी काठी माझ्या कपाटात जमा झाली.

पहिल्याच दिवशी मामांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “साहेब, ह्यो आवाज मेलेला हाय.”

“सवय होईल मामा.”

“मेल्याची कसली सवय?”

मग रोज नवी तक्रार. “पयला श्वास खातंय हे. मोटर सुरू झाली की गिअरबॉक्स पयला श्वास घेतो, त्यातच सगळं कळतं. तेवढाच येत न्हाई.” मी म्हणालो, सेकंदाच्या आतली गोष्ट आहे, सोडा. “आवाज मागं ऱ्हातोय. डोळ्यापुढं थांबलाय, कानात अजून फिरतोय.” मी म्हणालो, डोळे मिटून ऐका, पूर्वी मिटतच होता. “वरचा आवाजच न्हाई साहेब. छपराखालचं समदं येतंय, छपरावरचं न्हाई.” यावर मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुधा घड्याळ पाहिलं असेल.

आणि मग ती डब्यांची तक्रार, जिच्यामुळे त्यांचं हसं झालं. त्यांच्या केबिनला लागून सुपरवायझर लोकांची जेवायची खोली होती, तिथे मायक्रोवेव्ह होता. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, “डबे गरम व्हायला लागले की हे यंत्र तोतरं बोलतं.”

दोन दिवस हा विनोद सगळ्या शॉपमध्ये फिरला. “मामा, आज भाजी कुठली ते हेडफोनवर कळलं का?” “मामा, वांगं असंल तर पास करा, कारलं असंल तर परत!” मामा कुणावर चिडले नाहीत. फक्त जेवणाच्या वेळेत केबिनबाहेर येऊन उभे राहायला लागले. मीही हसलो होतो. आज मला माहीत आहे की मायक्रोवेव्ह आणि तसले हेडफोन एकाच प्रकारच्या लहरी वापरतात आणि शेजारी असले तर आवाज तुटतो. सुटा सुटा होऊन येतो. तोतरा. त्यांनी वापरलेला शब्द अगदी बरोबर होता.

साधारण चौथ्या महिन्यात एका सकाळी लाईन थांबली. मी खाली धावलो. केबिनमध्ये मामा ताठ बसले होते आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल पट्टी लुकलुकत होती.

“काय झालं?”

“मामा शब्दच बोलेनात सर,” सुपरवायझर म्हणाला. “तिसराच कायतरी बोलतायत.”

मी म्हणालो, “मामा, काय बोलताय?”

“कळंना.”

“काय कळेना?”

“न्हाई, तसं बोलतोय मी. यंत्रात. ‘कळंना’. ह्यो गिअरबॉक्स चांगला हाय का वाईट, मला कळंना. मग काय बोलू?”

“त्याला दोनच शब्द कळतात मामा. पास आणि परत.”

“मग त्याला तिसरा शिकवा. मानसाला कळत नसंल तर ‘कळंना’ म्हनायची सोय पाहिजे का नको? खोटं पास म्हनू का?”

काचेपलीकडे वीस-पंचवीस माणसं उभी होती. मागे गिअरबॉक्स एकामागे एक साचत होते. मी खाली वाकून, आवाज हळू करून म्हणालो, “दोन शब्दांतला एक बोला. ही माझी ऑर्डर समजा.”

त्यांनी हेडफोन कानावर चढवला आणि म्हणाले, “पास.” पुढचा आला. “पास.” त्या दिवसानंतर त्यांनी ‘कळंना’ हा शब्द उच्चारला नाही.

महिन्याभरात गिऱ्हाइकांकडून गिअरबॉक्स परत यायला लागले. शीळ वाजते, अशी तक्रार. म्हणजे पिपाणीच. आता प्रश्न एवढाच उरला की दोष कुणाचा, यंत्रणेचा की कानांचा.

यंत्रणा बसवणाऱ्यांकडून एक इंजिनिअर मुलगी आली होती, लातूरकडची. दोन दिवस ती केबिनमध्ये एकटीच बसून होती. तिसऱ्या दिवशी तिने मला बोलावलं आणि हेडफोन माझ्या हातात दिला.

“सर, जरा ऐका की. हे माईक बंद करून.”

मी ऐकलं. आवाज भरीव होता, दोन्ही कानांत पसरलेला. आणि त्याच्या अगदी वर, केसाएवढी बारीक अशी एक शीळ. आयुष्यात पहिल्यांदा मला पिपाणी ऐकू आली.

“आता माईक चालू केलाय बघा.”

आवाज एकदम डब्यात गेला. सपाट, पातळ, जुन्या टेलिफोनवरून आल्यासारखा. शीळ गायब.

“माईक उघडला की असं व्हायलाय सर. जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही आवाज एकाच वाटेनं न्यावे लागतात. मग हे यंत्र वरचा सगळा आवाज कापून टाकायलंय. काकांचा माईक दिवसभर उघडाच राहतो. त्यांना कसं कळणार? ते सांगायलेत ते खरंय.” मग ती हसली. “उपाय दोन मिनिटांचा आहे. टेबलावर वायरचा वेगळा माईक ठेवायचा. हेडफोन फक्त ऐकायला.”

मी तिला म्हणालो, “बरं झालं सापडलं. पण हे आत्ता कुठे बोलू नका. मी बघतो.”

तिने मान हलवली. तिला वाटलं असेल, साहेब योग्य जागी योग्य शब्दांत सांगतील.

त्यानंतर आठ दिवसांनी मी वरिष्ठांसाठी मामांबद्दलचा कागद लिहिला. या आठ दिवसांत मी काय करत होतो? काहीही नाही. कामावर जात होतो, घरी येत होतो. माझी योजना सदोष होती आणि पाच महिने एक माणूस ते ओरडून सांगत होता, हे वाक्य मनात अनेकदा जुळवलं, पण कागदावर ते उतरलं नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी मामांचे कान तपासले होते. त्यांनी लिहिलं होतं, ‘वयोमानानुसार किंचित कमी.’ माझ्या कागदात मी लिहिलं, ‘श्रवणक्षमता कमी झाल्याचे वैद्यकीय तपासणीत आढळले.’ दोन शब्द गाळले. बाकी सगळं खरं होतं.

मामांना पॅकिंगमध्ये पाठवलं. त्यांच्या जागी तिशीतला एक माणूस बसवला आणि त्याच आठवड्यात केबिनमध्ये वायरचा माईक ठेवला. नव्या माणसाने पहिल्याच दिवशी तीन शिळा पकडल्या. सगळे म्हणाले, बघा, कानाचाच दोष होता. माईककडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मी अशा क्रमाने गोष्टी केल्या होत्या की कुणी पाहूच नये.

मामा माझ्याकडे भांडायला आले नाहीत. मी त्यांची वाट पाहत होतो. भांडले असते तर कदाचित मी बोललो असतो, अशी मी स्वतःची समजूत घालतो. ते दीड वर्ष खोक्यांवर लेबलं चिकटवत राहिले आणि निवृत्त झाले. मधे एकदा सुपरवायझर मला गंमत म्हणून सांगत होता, “सर, मामा सुधारले. बसमध्ये आता कापूसबिपूस काही नाही. पोरांबरोबर चिवडा खात येतात.”

मी हसल्यासारखं केलं आणि माझ्या केबिनचं दार लावून घेतलं.

मीही निवृत्त होऊन आता पिंपळे सौदागरला राहतो. लेक वाकडला असते, दिवसभर कॉम्प्युटरवर मीटिंगा. माझे डोळे आणि गुडघे पाहून तिने मला लॅपटॉप आणि वायरलेस हेडफोन घेऊन दिला, घरबसल्या भजनं ऐका म्हणाली. दुपारी मी गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. समोरच्या सोसायटीच्या काचांवरून ऊन सरकत असतं. कानात टाळ वाजत असतात, आणि मी जागा आहे की झोपलोय हे मलाच नीट ठरवता येत नाही. मग लेकीचा फोन लॅपटॉपवर येतो. मी तो उचलतो आणि त्या क्षणी सगळं डब्यात जातं. “बाबा, ऐकू येतंय ना?” ती विचारते. येतं. लेकीचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा पातळ येतो आणि मागे काचेत मामा ताठ बसलेले दिसतात. रोज. एकदा तिने सांगितलं, “बाबा, सेटिंगमध्ये जाऊन माईक बदला, लगेच नीट होईल.” मी बदलला नाही.

या वर्षी मी कंपनीला पत्र लिहिलं की त्या कागदातलं वाक्य मी जाणूनबुजून चुकीचं लिहिलं होतं. उत्तर आलं, ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.’ तिथे आता मला किंवा मामांना ओळखणारं कुणी नाही. तेव्हा मी लॅपटॉप आणि हेडफोन पिशवीत घालून रिक्षाने त्यांच्या गावी गेलो.

गाव म्हणजे आता गोदामांच्या मधे उरलेली काही घरं. मामा अंगणात बसले होते. मामी गवार मोडत होत्या. मला पाहून मामा उठले, पण मी बोललो तेव्हा त्यांनी आधी मामींच्या तोंडाकडे पाहिलं. मामींनी तेच वाक्य मोठ्याने पुन्हा सांगितलं. मग त्यांनी मला उत्तर दिलं.

“माझ्या कानाचं काय खरं न्हाई आता साहेब,” ते म्हणाले. “बरं झालं आला. तुमची माफी मागायची ऱ्हायली होती. माझ्यामुळं तुमच्या कामाला बट्टा लागला. कान गेलेला, आन् मी यंत्राला नावं ठिवत होतो.”

मी लॅपटॉप उघडला, हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि भजन लावलं. त्यांनी डोळे मिटले. मी काही न सांगता माईक चालू केला.

“गेले टाळ,” ते म्हणाले.

बंद केला.

“आले.”

पुन्हा चालू केला. “गेले.” बंद. “आले.” त्यांनी डोळे उघडले. “ह्ये तेच हाय. केबिनमधलं.”

“तेच आहे,” मी म्हणालो. “दोष माईकचा होता. तुम्ही म्हणत होता ते प्रत्येक वाक्य बरोबर होतं. डब्यांचंसुद्धा. आणि मला ते कळलं होतं, मामा. तुमचा कागद लिहायच्या आठ दिवस आधी कळलं होतं. तरी लिहिला.”

मामींच्या हातातली गवार थांबली. मामांना बहुधा नीट ऐकू आलं होतं, कारण त्यांनी मामींच्या तोंडाकडे पाहिलं नाही. बोलल्या त्या मामीच.

“तवापासनं हे मानूस माझ्याशी बोलताना माझ्या व्हटांकडं बघतंय साहेब. डोळ्यांकडं न्हाई.”

“हो,” मी म्हणालो.

मामांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “म्हंजी कान बरा हाय?”

“तेव्हा बरा होता. आता वयाने थोडा उतरला असेल. पण टाळ गेले आणि आले, ते तुम्ही माझ्या आधी सांगितलंत.”

ते उठले. अंगणाच्या कोपऱ्यात, जिथे सिमेंटचा कोबा होता, तिथे जाऊन उभे राहिले.

“हितं हीर होती,” ते मामींना म्हणाले, जणू त्यांना माहीत नव्हतं. “बुजवली, वरनं कोबा केला. तवापासनं खाली पानी वाजतंय.”

“आता गं बया! कधी बोलला न्हाई ते?”

“काय बोलू? म्हनलं कानच खोटं बोलतोय.”

ते गुडघ्यांवर बसले, मग हळूहळू कोब्यावर आडवे झाले आणि उजवा कान जमिनीला लावला. ऊन चांगलंच तापलं होतं. मामी म्हणाल्या, “अवो, भाजंल अंगाला,” पण मामांनी हात वर केला, तशा त्या थांबल्या. मामांचे ओठ किंचित उघडले होते.

माझ्या मनात जे वाक्य इतकी वर्षं अडकून होतं ते मी बोलायला घेतलं. “मामा, मला...”

“गप बसा साहेब,” ते म्हणाले. रागाने नाही.

मामी भाजी बाजूला ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मला काही ऐकू येत नव्हतं, रस्त्यावरच्या ट्रकांशिवाय. किती वेळ गेला कोण जाणे. मग मामांनी डोळे उघडून मामींच्या डोळ्यांकडे पाहिलं.

“दोन झरे हायत गं,” ते म्हणाले. “मी आजवर एकच धरून चाललो होतो.”